लोण्याच्या प्रांतातल्या नोंदी

फिनलंडच्या पूर्वेला, रशियाच्या सीमेला लागून, उत्तर करेलिया नावाचा जंगलांचा आणि तळ्यांचा प्रांत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना सरकारने जमिनी दिल्या, त्यांनी जंगल तोडून गायी पाळल्या. घरोघरी दूधदुभतं आलं. पावावर लोण्याचा जाड थर, जेवणात मीठ भरपूर, आणि भाजीपाला म्हणजे गुरांचं खाणं. सिगारेटची सवय युद्धातूनच आलेली. १९६० च्या दशकाअखेर हृदयविकाराने मरणाऱ्या पुरुषांचं प्रमाण इथे जगात सर्वाधिक होतं. ऐन कर्तेपणातली माणसं जात होती. १९७१ मध्ये प्रांताच्या प्रतिनिधींनी सरकारकडे मदतीचा अर्ज केला आणि १९७२ मध्ये प्रकल्प सुरू झाला. प्रमुख होते पेक्का पुस्का, वय अवघं २७.

मी नोकरीभर उपकेंद्रात आरोग्यसेविका होते. पत्रक वाटून आमटीतलं मीठ कमी होत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून या इतिहासात मला सर्वात मोलाच्या वाटतात त्या ‘मार्था’ संघटनेच्या गृहिणी. त्यांनी गावोगावी ‘दीर्घायुष्याच्या संध्याकाळी’ भरवल्या. तिथला आवडता पदार्थ म्हणजे भट्टीत तासन्‌तास शिजणारा मांसाचा रस्सा. बायांनी तो बंद करा असं म्हटलं नाही. मांस आणि मीठ कमी केलं, गाजर, बटाटे, सलगमासारखे कंद वाढवले, आणि पंगतीत सगळ्यांना वाढला. चव जिभेवर बसली की सांगायचं काही उरत नाही! पुढे लोण्याची जागा हळूहळू रेपसीडच्या तेलाने घेतली. दुधाचा धंदा बसेल म्हणून शेतकरी धास्तावले, तेव्हा त्यांना बेरीची फळं लावायला मदत मिळाली. भांड्यात उकळलेली कॉफी जाऊन कागदातून गाळलेली आली. उकळलेल्या कॉफीतला कोलेस्टेरॉल वाढवणारा तेलकट अंश त्या कागदात अडकतो.

हे सगळं हृदयासाठी चाललं होतं, मेंदूचा विचार कुणी केला नव्हता. पण १९७२ पासून दर पाच वर्षांनी उत्तर करेलिया आणि शेजारच्या कुओपियोत हजारो लोकांचा रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन लिहिलं जात होतं. १९९८ मध्ये त्यांतल्याच, आता ६५ ते ७९ वर्षांच्या झालेल्या १,४४९ जणांची स्मरणशक्ती तपासली गेली. मिया किव्हिपेल्टो आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये निष्कर्ष छापले: मध्यमवयात वरचा रक्तदाब १६० किंवा कोलेस्टेरॉल २५० च्या पुढे होतं, त्यांच्यात उतारवयात अल्झायमरची शक्यता दुपटीहून अधिक.

हे वाचलं तेव्हा मला सासूबाई आठवल्या. शेवटी शेवटी त्या मलाच ‘तुम्ही कोणाच्या?’ विचारायच्या. साठी बुद्धी नाठी, असं म्हणून घरातल्यांनी सोडून दिलं. त्यांचा चाळिशीतला रक्तदाब कुठेच लिहिलेला नाही, त्यामुळे त्यांच्याबाबतीत काय झालं हे आता कळणार नाही. कधीकाळी कंटाळून भरलेल्या रजिस्टरांकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने पाहते.

अर्थात जुन्या आकड्यांवरून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही. म्हणून फिनलंडमध्येच २००९ पासून ‘फिंगर’ हा प्रयोग झाला. ६० ते ७७ वयाचे, स्मृतिभ्रंशाच्या धोक्यातले १,२६० लोक निवडले. निम्म्यांना दोन वर्षं मासे, भाज्या, फळं, कोंड्यासकट धान्य असा आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव, रक्तदाबावर लक्ष. बाकीच्यांना नेहमीचा सल्ला. २०१५ मध्ये निकाल आला. दोन्ही गट सुधारले, पण स्मृती आणि विचारशक्तीच्या एकत्रित चाचणीत पहिल्या गटाची सुधारणा २५ टक्क्यांनी जास्त होती. आजार टळतो असं यावरून म्हणता येत नाही, दोन वर्षं त्यासाठी थोडीच. मला मात्र एवढंही पुष्कळ वाटतं, कारण साठीनंतरही हाती काही राहतं हे कुणीतरी मोजून दाखवलं. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांची यादी १४ वर नेली, रक्तदाब तिच्यात आधीपासून होता, मध्यमवयातलं वाईट कोलेस्टेरॉल त्या वर्षी जोडलं गेलं.