राज्यधर कोनाईचा पंजा

जुलै १८५८. बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यातले जंगीपूर. उठावाचा वणवा अजून पुरता विझलेला नाही आणि कंपनी सरकारचे दिवस भरत आले आहेत. अशा वेळी विल्यम हर्शेल हा पंचविशीतला इंग्रज अधिकारी एका स्थानिक कंत्राटदाराशी रस्त्याच्या कामाचा करार करीत आहे. कंत्राटदाराचे नाव राज्यधर कोनाई. माल : रस्त्याचा थर घट्ट बसवणारी 'घुटिंग' नावाची खडी, २००० मण.

बोटांच्या ठशांचा इतिहास सांगताना या कराराचा उल्लेख हमखास होतो, पण तो सगळा हर्शेलच्या बाजूने. आजच्या धाग्यात कंत्राटदाराच्या बाजूने पाहू. धागा लांबला आहे, सवडीने वाचावा.

कोनाईने करारनामा स्वतःच्या हाताने, पक्क्या व्यापारी पद्धतीने लिहून आणला होता. म्हणजे तो निरक्षर नव्हता. हा तपशील ध्यानात ठेवा. तो सही करणार तोच हर्शेलने त्याला थांबवले. कचेरीच्या शिक्क्यासाठी वापरात असलेली तेलकट शाई त्याच्या तळहाताला फासली आणि सबंध पंजा कागदाच्या पाठीवर दाबून घेतला. पुढे १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात हर्शेलने हेतू प्रांजळपणे नोंदवला आहे : उद्या 'ही सही माझी नव्हेच' असे म्हणण्याचा विचारसुद्धा कोनाईच्या मनात येऊ नये, एवढा धाक त्याला बसावा.

धाक बसला की नाही, कोण जाणे. हर्शेलच्याच सांगण्यानुसार दोघांनी मिळून तो ठसा न्याहाळला, हस्तसामुद्रिकावरून थट्टामस्करी केली आणि साहेबाच्या पंजाचाही ठसा घेऊन दोन्ही ताडून पाहिले. या साऱ्या इतिहासात अधिकारी आणि कंत्राटदार या दोघांचेही हात एकाच शाईने काळे झाल्याचा प्रसंग माझ्या वाचनात हा एवढाच.

येथे थोडे आपल्याकडे वळू, कारण खुणेने कागद पक्का करण्याची रीत हर्शेलने शोधली नव्हती, आणि तसा त्याचा दावाही नाही. मराठी महजर पाहिलेल्यांना 'निशाणी नांगर' ठाऊक असेल. पाटील किंवा कुणबी आपल्या नावापुढे नांगराची आकृती काढी. बलुतेदार आपापल्या हत्यारांच्या खुणा करीत. नंतरच्या कागदांत तिथे 'निशाणी डावा अंगठा' दिसू लागतो. वरवर पाहता हा एका निशाणीच्या जागी दुसरी निशाणी येण्याचा प्रकार आहे. पण नांगर सांगतो की हा माणूस गावात कोण, काय करतो, त्याचा हक्क कोणता. अंगठा यातले काहीच सांगत नाही. तो फक्त एवढेच सांगतो की हे शरीर तेच आहे. गोतसभेपुढे उभ्या असलेल्या माणसाला सगळे ओळखत असत; अंगठ्याची गरज लागते ती ओळखत नसलेल्या सरकारला. (नांगरात जातही होती, हे विसरून मी गावगाड्याचे गोडवे गात नाही.)

मग कोनाईच्या पंजाने नेमके काय तपासले? तो कोण आहे हे हर्शेलला माहीत होते. कामासाठी त्यानेच त्याला निवडले होते. प्रश्न होता शब्दाला बांधून घेण्याचा. कंत्राटदाराला विचारायचे प्रश्न खरे तर दोन. 'तू तोच का?' हा पहिला. 'तुला येथे काम करण्याचा अधिकार आहे का?' हा दुसरा. जंगीपुरात दुसरा प्रश्न कोणाच्या डोक्यातही आला नसता, कारण कोनाई आपल्याच मुलखात होता.

पहिल्या प्रश्नाचा प्रवास झपाट्याने सांगतो. १८६० च्या सुमारास नदिया जिल्ह्यात निळीच्या करारांवरून रान पेटले होते. रयत म्हणे करार खोटे, मळेवाले म्हणत रयत खोटी. हर्शेलला वाटले, ठसे असते तर निवाडा सोपा होता. सरकारने ते मनावर घेतले नाही. १८७७ मध्ये हुगळीत मॅजिस्ट्रेट असताना त्याने दस्तनोंदणी, तुरुंग आणि निवृत्तिवेतन या तिन्ही ठिकाणी ठसे घेतले. मेलेल्याच्या नावाने वेतन उचलणाऱ्यांना आळा बसावा, हा एक हेतू. पण ढिगातून हवा तो ठसा शोधायचा कसा? ती अडचण सुटली १८९० च्या दशकात, कलकत्त्यात. एडवर्ड हेन्रीच्या हाताखालच्या अझीझुल हक यांनी दहा बोटांच्या ठशांची विभागणी १०२४ खणांत करणारी गणिती पद्धत बसवली. हेमचंद्र बोस यांनी तिच्यात भर घातली. १८९७ मध्ये ती सरकारमान्य झाली. जगभर तिला 'हेन्री पद्धत' म्हणतात. नाव कोणाचे लागते, हा वेगळ्या धाग्याचा विषय.

दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास समुद्रापार घडत होता, आणि आरंभी त्यात बोटांचे ठसे नव्हते. मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर १८३४ पासून भारतातून करारबद्ध मजूर जात होते. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातले आणि घाटावरचे मराठी लोकही होते. त्यांचे वंशज तेथे आजही मराठी म्हणून ओळखले जातात. पाच वर्षांचा करार संपला की माणूस मोकळा व्हावा, स्वतःचे छोटेमोठे काम धरावे, ही साधी अपेक्षा. १८६७ च्या कायद्याने ती मोडून काढली. करार पुरा केलेल्या जुन्या मजुरानेही आपल्या छायाचित्रासह तिकीट बाळगायचे, शिवाय पोलिसांचा पास. कागद नसेल तो भटका, आणि भटक्याला अटक.

हे तिकीट 'तू कोण' एवढेच विचारत नव्हते. मळेवाल्याच्या चाकरीबाहेर तू काय करतो आहेस, असा त्याचा खरा सवाल होता. स्वतंत्र धंदा करू पाहणाऱ्याचे जगणे इतके अवघड करावे की त्याने पुन्हा करारावर अंगठा उठवावा, अशी ती रचना. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेवित्झ या गोऱ्या मळेवाल्याच्या पुढाकाराने ९,४०१ जुन्या मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. त्यातून शाही आयोग नेमला गेला आणि १८७५ च्या अहवालात या छळाची नोंद झाली.

छायाचित्राचे तिकीट आणि कलकत्त्याची दहा बोटे एकाच कागदावर आली ती ट्रान्सवालमध्ये. कागद तपासून भारतीयांना आत राहू देण्याची रीत तेथे होतीच, आणि हेन्री स्वतः १९०० मध्ये पोलीस उभारणीसाठी दक्षिण आफ्रिकेत जाऊन आला होता. १९०७ च्या कायद्याने प्रत्येक आशियाई पुरुषाने दहाही बोटांचे ठसे देऊन नोंदणी करायची, प्रमाणपत्र जवळ ठेवायचे, पोलिसाने मागताच दाखवायचे असे ठरले. नोंदणी नाही तर धंद्याचा परवाना नाही. दुकानदार, फेरीवाला, हातावर पोट असलेला कामकरी, सगळ्यांचा काम करण्याचा हक्क आता बोटांच्या टोकावर आला. सुमारे १३,००० भारतीयांपैकी मुदतीत जेमतेम ५०० जणांनी नोंदणी केली.

गांधींनी हेन्रीचे पुस्तक मिळवून वाचले होते. कायद्याने दहा बोटे फक्त गुन्हेगारांची घेतली जातात, हे त्यांना त्यातून कळले आणि ते त्यांनी लोकांना सांगितले. जानेवारी १९०८ मध्ये मात्र तुरुंगातून त्यांनी स्मट्सशी तडजोड केली : लोकांनी स्वेच्छेने नोंदणी करायची, सरकारने कायदा मागे घ्यायचा. सक्तीचा ठसा अपमानाचा, स्वेच्छेचा नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद. तो मला कायद्याच्या दृष्टीने बरोबर वाटतो. पण कालपर्यंत जो ठसा गुन्हेगाराचा होता तो आज सन्मानाचा कसा, हा सामान्य माणसाचा प्रश्नही तितकाच खरा आहे.

तो प्रश्न लाठीने विचारणाऱ्याचे नाव मीर आलम. हा पठाण गवताच्या आणि काथ्याच्या गाद्या मजुरांकडून करवून विकत असे; म्हणजे आपल्या कोनाईसारखाच एक छोटा ठेकेदार, आणि गांधींचा जुना अशील. १० फेब्रुवारी १९०८ रोजी गांधी नोंदणी कचेरीकडे निघाले असता त्याने वाटेत अडवून विचारले, कुठे निघालात? दहा बोटांचे ठसे द्यायला, हे उत्तर ऐकल्यावर डोक्यात तडाखा बसला. गांधी बेशुद्ध पडले. शुद्धीवर आल्यावर त्यांनी हल्लेखोरांवर खटला भरू नये असे कळवले, आणि अंथरुणावरूनच बोटांचे ठसे दिले.

कायदा मागे घेतला गेला नाही. १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात मोठी कढई ठेवून दोन हजारांहून अधिक दाखले जाळण्यात आले. त्यांत धंद्याचे परवानेही होते. ते जाळणे म्हणजे उद्याच्या भाकरीवर पाणी सोडणे होते, कारण परवान्याशिवाय फेरी करताना पकडलेला माणूस थेट तुरुंगात जाई.

सभेत मीर आलम उभा राहिला. आपण मारले ती चूक झाली, असे त्याने सर्वांसमक्ष सांगितले आणि आपला जुना दाखला जाळण्यासाठी पुढे केला; स्वेच्छेचा नवा त्याने घेतलाच नव्हता. गांधींनी त्याचा हात हातात घेऊन दाबला.