ठेसनापासून टेम्पोपर्यंत

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एखाद्या कारखान्याच्या फाटकाशी जरा वेळ उभे राहा. टॉवेलचे गठ्ठे चढत असतात. कुणी तेलुगूत बोलतो, कुणी मराठीत, कुणी कानडीत. पण ‘टेम्पो रिव्हर्स घे’, ‘स्टेपनी बघ’ हे सगळ्यांना कळतं. यातले कितीतरी जण विचारलंत तर सांगतील, ‘इंग्रजी येत नाही, साहेब.’

मग हे शब्द शिकवले कुणी?

पहिली खेप रेल्वेनं आणली. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी धावली आणि १८६० मध्ये जीआयपी रेल्वे सोलापुरात पोहोचली. पैसे मोजून हाती आलं ते तिकीट. स्टेशनचं ठेसन झालं. प्लॅटफॉर्मचा तर असा फलाट झाला, की तो मूळचा इंग्रज हे सांगूनही पटू नये! ठेसन म्हणणाऱ्याला शिकलेली माणसं हसतात; फलाट मात्र तीच माणसं खुशाल लिहितात. गाडीचं बारसं आपण घरीच केलं, आगगाडी म्हणून.

मोटारीची गोष्ट आणखी गमतीची आहे. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसे. वेल्समधल्या लानेली गावी, स्टेपनी स्ट्रीटवर, १९०४ च्या सुमारास असं चाक तयार झालं आणि रस्त्याचंच नाव त्याला मिळालं. इंग्लंडात आज ‘स्पेअर व्हील’ म्हणतात. स्टेपनी सांभाळली ती आपल्या पंक्चरवाल्यांनी. टेम्पो तर इंग्रजांकडून आलाच नाही. ते जर्मनीतल्या एका वाहन कंपनीचं नाव. तिच्या सहकार्यानं १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी निघाली, तिच्या तीनचाकी मालगाड्या गावोगाव पोहोचल्या. २००५ मध्ये कंपनीनं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं. रस्त्यावर कुणी दखल घेतली नाही. कुठल्याही कंपनीची लहान मालगाडी असो, ती टेम्पोच.

मराठी शब्द रुजवायचे प्रयत्नही झाले. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. पुढे गाड्यांतून ‘चालक’, ‘वाहक’ अशा पाट्या आल्या. शब्द चांगले आहेत, सोपे आहेत. ‘थांबा’ तर बोलण्यातही रुळला. पण उरलेले सुट्टे पैसे मागायची वेळ आली, की ‘वाहक’ लिहिलेल्या पाटीखाली बसलेला प्रवासीसुद्धा हाक मारतो, ‘ओ कंडक्टर!’