गर्भाशयोच्छेदनोत्तर लक्षणे व अवटू ग्रंथी

गर्भाशयोच्छेदनोत्तर लक्षणे व अवटू ग्रंथी : गर्भाशय शस्त्रक्रियेने काढून टाकण्याच्या क्रियेस गर्भाशयोच्छेदन म्हणतात. शस्त्रक्रियेची जखम भरून आल्यावर, साधारणतः सहा ते आठ आठवड्यांत, बहुतेक स्त्रिया आपल्या नेहमीच्या कामास लागतात. काही स्त्रियांच्या बाबतीत मात्र थकवा, वजनवाढ, बद्धकोष्ठ, केस गळणे, झोपेच्या तक्रारी, विस्मरण व औदासीन्य ही लक्षणे महिनोन्‌महिने रेंगाळत राहतात. ती शस्त्रक्रियेमुळे उद्‌भवतात, ऋतुनिवृत्तीमुळे, मानसिक कारणांमुळे, की गळ्याच्या पुढील भागात असणाऱ्या व ‘थायरॉइड’ या नावाने सर्वपरिचित असलेल्या अवटू ग्रंथीच्या बिघाडामुळे, या प्रश्नाचे उत्तर वैद्यकास सु. दीड शतकाच्या अवधीत टप्प्याटप्प्याने मिळत गेले. स्त्रीरोग शस्त्रक्रिया व अंतःस्रावी ग्रंथींचे विज्ञान या दोन शाखांचा इतिहास येथे एकमेकांत गुंतलेला आहे.

गर्भाशयोच्छेदनाचा उदय : योनिमार्गाने बाहेर आलेले व कुजलेले गर्भाशय कापून काढल्याचे उल्लेख प्राचीन ग्रीक-रोमन वैद्यकात आढळतात. योजनापूर्वक केलेली शस्त्रक्रिया मात्र एकोणिसाव्या शतकातील आहे. १८१३ मध्ये गॉटिंगेन येथील शस्त्रक्रियाविशारद कॉनराड लांगेनबेक यांनी कर्करोगाच्या संशयावरून योनिमार्गाने गर्भाशय काढले. रुग्ण स्त्री त्यानंतर सु. २६ वर्षे जगली. परंतु तिच्या मरणोत्तर तपासणीपर्यंत सहव्यावसायिकांनी लांगेनबेक यांच्या कथनावर विश्वास ठेवला नाही. १८४३ मध्ये मँचेस्टर येथे चार्ल्स क्ले यांनी उदर उघडून गर्भाशयाचा बराचसा भाग काढला, पण रुग्ण दगावली. १८५३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स राज्यात वॉल्टर बर्नहॅम यांनी केलेल्या अशा शस्त्रक्रियेनंतर रुग्ण प्रथमच वाचली.

ईथरने भूल देण्याची पद्धत (१८४६) आणि जोसेफ लिस्टर यांची जंतुरोधक पद्धत (१८६७) यांमुळे वेदना व जंतुसंसर्ग आटोक्यात आले आणि मृत्यूचे प्रमाण उतरू लागले. १८९८ मध्ये व्हिएन्ना येथे एर्न्स्ट व्हेर्टहाइम यांनी ग्रीवेच्या कर्करोगासाठी विस्तृत शस्त्रक्रियेचा पाया घातला. विसाव्या शतकात रक्तसंक्रामण व प्रतिजैविके उपलब्ध झाल्यावर ही शस्त्रक्रिया तंत्वार्बुद, अतिऋतुस्राव यांसारख्या जिवावर न बेतणाऱ्या विकारांसाठीही सर्रास होऊ लागली. तोपर्यंत यशाची कसोटी रुग्ण जगली की नाही एवढीच होती. जगलेली स्त्री पूर्ववत निरोगी झाली की नाही, हा प्रश्न त्यानंतर पुढे आला.

ग्रंथी काढल्याचे परिणाम : या प्रश्नाचा पहिला धडा गर्भाशयाच्या नव्हे, तर अवटू ग्रंथीच्या शस्त्रक्रियेने दिला. १८७३ मध्ये लंडन येथील सर विल्यम गल यांनी प्रौढ स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या एका अवस्थेचे वर्णन केले. तीत चेहरा सुजल्यासारखा होतो, बोलणे व हालचाली मंदावतात, कातडी कोरडी होते आणि मनास जडत्व येते. १८७८ मध्ये विल्यम ऑर्ड यांनी तीस ‘मिक्सिडीमा’ म्हणजे श्लेष्मशोफ हे नाव दिले. तिचे कारण मात्र अज्ञात होते.

त्या काळी अवटू ग्रंथीचे कार्य ठाऊक नसल्याने गलगंडाच्या रुग्णांत ती संपूर्ण काढून टाकण्यात गैर मानले जात नसे. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे टेओडोर कोखर अत्यंत कौशल्याने ही शस्त्रक्रिया करीत. १८८२ मध्ये जिनीव्हा येथील झाक-ल्वी रेव्हेर्दँ यांनी अशा काही रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर अशक्तता व मंदपणा आढळल्याचे सांगितले. त्यानंतर कोखर यांनी आपले जुने रुग्ण परत बोलाविले. १८७४ मध्ये त्यांनी शस्त्रक्रिया केलेली ११ वर्षांची एक मुलगी खुरटलेली व मंदबुद्धी झालेली आढळली. एके काळी तिच्यासारखीच दिसणारी तिची धाकटी बहीण मात्र पूर्ण वाढ झालेली तरुणी बनली होती. संपूर्ण ग्रंथी काढलेल्या व परत तपासलेल्या १८ रुग्णांपैकी १६ जणांची प्रकृती ढासळली होती. कोखर यांनी हे निष्कर्ष १८८३ मध्ये प्रसिद्ध केले आणि संपूर्ण ग्रंथी काढण्याचे सोडून दिले. अवटू ग्रंथीविषयीच्या कार्याबद्दल त्यांना १९०९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

लंडनच्या क्लिनिकल सोसायटीने नेमलेल्या समितीने १८८८ मध्ये १०० हून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील बहुसंख्य स्त्रिया होत्या. श्लेष्मशोफ, खुजेपणासह येणारे जन्मजात मतिमांद्य आणि शस्त्रक्रियोत्तर ऱ्हास या तिहींचे मूळ अवटू ग्रंथीच्या अभावात आहे, असा समितीचा निर्णय होता. १८९१ मध्ये जॉर्ज मरी यांनी मेंढीच्या अवटू ग्रंथीचा अर्क टोचून ४६ वर्षांच्या एका स्त्रीस बरे केले. अर्काच्या आधारे ती १९१९ पर्यंत जगली. १९१४ मध्ये एडवर्ड केंडल यांनी थायरॉक्सिन हे हॉर्मोन स्फटिकरूपात वेगळे केले आणि १९२६ मध्ये चार्ल्स हॅरिंग्टन यांनी त्याची रासायनिक संरचना निश्चित केली.

अंडकोशांच्या बाबतीत असाच अनुभव आला. १८७२ मध्ये जर्मनीत आल्फ्रेट हेगार, इंग्लंडमध्ये लॉसन टेट व अमेरिकेत रॉबर्ट बॅटी यांनी स्वतंत्रपणे दोन्ही अंडकोश काढण्यास प्रारंभ केला. पुढे ऋतुकालीन वेदना, अपस्मार, इतकेच नव्हे तर ‘वेड’ यांसाठीही निरोगी अंडकोश काढले गेले. त्यानंतर तरुण वयातच अंगातून गरम वाफा येणे, घाम सुटणे यांसारख्या तक्रारी सुरू होत. १८९६ मध्ये व्हिएन्ना येथील एमिल क्नाउअर यांनी सशांवर प्रयोग केले. अंडकोशांचे शरीरात अन्यत्र रोपण केले, तर ते काढल्यामुळे होणारा गर्भाशयाचा ऱ्हास टळतो, असे त्यांस आढळले. अंडकोशांचा प्रभाव रक्तावाटे पोहोचतो, हे त्यावरून सूचित झाले. १९२९ मध्ये एडवर्ड डॉइझी व आडोल्फ बूटेनांट यांनी ईस्ट्रोन हे स्त्रीमदजन स्वतंत्रपणे मिळविले.

मानसिक कारणांचा पगडा : ‘हिस्टेरिया’ हा शब्दच गर्भाशयवाचक ग्रीक शब्दापासून आलेला आहे. स्त्रीच्या अस्पष्ट तक्रारींचे मूळ गर्भाशयात शोधण्याची परंपरा जुनी होती. गर्भाशय काढल्यानंतरही उरलेल्या तक्रारी साहजिकच मनाच्या खात्यावर जमा होऊ लागल्या. इंग्लंडमधील डॉक्टर डी. एच. रिचर्ड्‌झ यांनी १९७३ मध्ये गर्भाशयोच्छेदनानंतरच्या औदासीन्याकडे लक्ष वेधले आणि १९७४ मध्ये ‘गर्भाशयोच्छेदनोत्तर लक्षणसमूह’ अशी संज्ञा सुचविली. त्यांचा अभ्यास मुख्यतः जुन्या नोंदींवर आधारलेला होता. १९८२ मध्ये ऑक्सफर्ड येथील डेनिस गाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर त्याच स्त्रियांची तपासणी केली. शस्त्रक्रियेनंतर मानसिक विकारांचे प्रमाण वाढण्याऐवजी सु. निम्म्यावर आल्याचे त्यांना आढळले. अमेरिकेतील मेन राज्यात झालेल्या व १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातही बहुसंख्य स्त्रियांस आराम पडल्याचे दिसले. मात्र थोड्या स्त्रियांत गरम वाफा, वजनवाढ व औदासीन्य या तक्रारी नव्याने उद्‌भवल्या होत्या. या दोन अभ्यासांतून शस्त्रक्रिया बहुतेकींस लाभते ही गोष्ट जशी स्पष्ट होते, तशीच उरलेल्या स्त्रियांच्या तक्रारींचे शारीरिक कारण शोधले पाहिजे हीही.

अवटू ग्रंथीशी संबंध : गर्भाशय काढल्यामुळे अवटुन्यूनत्व उत्पन्न होते, असे सिद्ध झालेले नाही. गर्भाशयाकडून अवटू ग्रंथीस कोणताही आवश्यक स्राव मिळत नाही. तरीही तीन मार्गांनी दोहोंचा संबंध येतो.

पहिला संबंध शस्त्रक्रियेपूर्वीचा आहे. अवटुन्यूनत्वात अंडमोचन अनियमित होते व रक्त साखळण्यास आवश्यक असलेले काही घटक कमी पडतात. त्यामुळे ऋतुस्राव अति किंवा लांबलेला होऊ शकतो. १९८९ मध्ये विलान्स्की व ग्राइसमन यांनी अतिऋतुस्रावाच्या रुग्णांत प्रारंभावस्थेतील अवटुन्यूनत्व आढळल्याचे व थायरॉक्सिन दिल्यावर स्राव आटोक्यात आल्याचे नमूद केले. अशा स्त्रीचे गर्भाशय काढले, तर रक्तस्राव थांबतो. परंतु मूळ विकार तसाच राहतो. थकवा व वजनवाढ चालूच राहतात आणि त्यांचा दोष शस्त्रक्रियेस दिला जातो. अर्थात अतिऋतुस्रावाच्या बहुसंख्य रुग्णांत अवटू ग्रंथी निर्दोष असते. म्हणून ब्रिटनमधील मार्गदर्शक तत्त्वांनुसार अवटुविकाराची अन्य लक्षणे असतील, तरच ही तपासणी केली जाते.

दुसरा संबंध योगायोगाचा आहे. गर्भाशयोच्छेदन व अवटुन्यूनत्व या दोन्ही गोष्टी मध्यम वयाच्या स्त्रियांत विशेषेकरून आढळतात. अवटुन्यूनत्वाचे एक प्रमुख कारण असलेला हाशिमोटो रोग जपानी शस्त्रक्रियाविशारद हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये वर्णिला. त्या रोगात शरीराने स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध निर्माण केलेली प्रतिपिंडे असतात, हे १९५६ मध्ये लंडन येथे आयव्हन रॉइट, डेबोरा डोनिॲक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत कितीतरी पटींनी अधिक आढळतो व वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो. त्यामुळे तो शस्त्रक्रियेच्या सुमारास प्रकट होणे अशक्य नाही.

तिसरा संबंध उपचाराचा आहे. अंडकोश काढलेल्या स्त्रियांस बहुधा स्त्रीमदजन दिले जाते. तोंडावाटे घेतलेल्या स्त्रीमदजनामुळे रक्तातील थायरॉक्सिन बांधून ठेवणारे प्रथिन वाढते. निरोगी ग्रंथी जादा स्राव निर्माण करून ही तूट भरून काढते. थायरॉक्सिनच्या गोळ्यांवर अवलंबून असलेल्या स्त्रीत मात्र तूट तशीच राहते. अशा स्त्रियांस थायरॉक्सिनची मात्रा वाढवावी लागू शकते, हे अमेरिकेतील बहा अराफा यांनी २००१ मध्ये दाखविले. त्वचेवर लावावयाच्या पट्टीतून स्त्रीमदजन दिल्यास हा परिणाम फारसा होत नाही.

निदान : अवटुन्यूनत्व, अकाली ऋतुनिवृत्ती, दीर्घ रक्तस्रावामुळे आलेला पांडुरोग व औदासीन्य यांची लक्षणे एकमेकांसारखी असतात. थंडी सहन न होणे, आवाज घोगरा होणे व नाडी मंदावणे ही अवटुन्यूनत्वाकडे, तर गरम वाफा व रात्री घाम सुटणे ही अंडकोशांच्या न्यूनत्वाकडे निर्देश करतात. अंडकोश राखले तरी त्यांचे कार्य काहीसे लवकर थांबण्याचा संभव असतो. गर्भाशय नसल्याने ऋतुस्राव बंद झाल्याची खूण मिळत नाही. ऋतुस्रावातील बदलांवरून अवटुविकाराचा जो सुगावा लागतो, तोही नाहीसा होतो. केवळ वर्णनावरून निदान करणे त्यामुळे अधिकच कठीण जाते.

रोझॅलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी विकसित केलेल्या किरणोत्सर्गी प्रतिरक्षा-आमापन पद्धतीने रक्तातील सूक्ष्म हॉर्मोने मोजणे शक्य झाले. १९६० नंतरच्या दशकात पोष ग्रंथीचे अवटू-उद्दीपक हॉर्मोन या पद्धतीने मोजले जाऊ लागले. अवटू ग्रंथी दुबळी झाली की हे हॉर्मोन वाढते. स्पष्ट लक्षणे दिसण्यापूर्वीच विकार ओळखता येऊ लागला, हे या तपासणीचे महत्त्व होय. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर किंवा गंभीर आजारात रक्तातील अवटू हॉर्मोनांचे प्रमाण तात्पुरते बदलते. म्हणून तातडीची गरज नसल्यास प्रकृती स्थिरावल्यावर तपासणी करणे व संशयास्पद निष्कर्ष पुन्हा पडताळून पाहणे श्रेयस्कर असते. निदान निश्चित झाल्याशिवाय थायरॉक्सिन घेणे अपायकारक ठरू शकते. जादा मात्रेने हृदयाची लय बिघडते व हाडे ठिसूळ होतात.

भारतातील परिस्थिती : मुंबई व गोवा यांसह आठ ठिकाणी केलेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत प्रौढांमध्ये अवटुन्यूनत्वाचे प्रमाण सु. ११ टक्के आढळले. बाधितांपैकी जवळजवळ एकतृतीयांश व्यक्तींना आपल्या विकाराची कल्पना नव्हती. चौथ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१५-१६) १५ ते ४९ वर्षे वयाच्या ३·२ टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. आंध्र प्रदेश व तेलंगण येथे हे प्रमाण सर्वाधिक होते. अतिऋतुस्राव हे शस्त्रक्रियेचे सर्वांत अधिक वेळा सांगितलेले कारण होते.

महाराष्ट्रात हा प्रश्न बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या संदर्भात २०१९ मध्ये ऐरणीवर आला. राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळच्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोडणी स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अनेकींची शस्त्रक्रिया तरुण वयातच झाली होती. कामाचा खाडा परवडत नाही, पाण्याची व स्वच्छतागृहांची सोय नाही, अशा स्थितीत राहणाऱ्या या स्त्रियांस औषधोपचाराऐवजी शस्त्रक्रियेचाच मार्ग दाखविला गेला. त्यानंतर पाठदुखी, अशक्तपणा व सांधेदुखी यांच्या तक्रारी घेऊन त्याच स्त्रिया पुन्हा कोयता हाती घेत. केंद्र शासनाने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भाशयोच्छेदने रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी ती तीन महिन्यांत अंमलात आणण्याचा आदेश राज्यांना दिला.

शस्त्रक्रियेपूर्वी रक्तस्रावाच्या कारणांचा शोध, औषधे व गर्भाशयात बसविण्याची हॉर्मोनयुक्त साधने यांसारख्या पर्यायांचा विचार, शक्य तेथे अंडकोशांचे जतन आणि नंतर रेंगाळणाऱ्या तक्रारींची रक्ततपासणीसह चिकित्सा, ही आधुनिक स्त्रीरोगविज्ञानाची भूमिका आहे. शस्त्रक्रिया यशस्वी झाल्यानंतरही जुने रुग्ण परत तपासावे लागतात, हा कोखर यांच्या अनुभवातील बोध तिच्या मुळाशी आहे.