लोड, भिंत आणि बद्धकोनासन

गरोदरपणातली योगासनं ही हजारो वर्षांची परंपरा आहे, असं सर्रास सांगितलं जातं. जुने ग्रंथ उघडले तर तसं दिसत नाही. पंधराव्या शतकातल्या हठप्रदीपिकेत स्वात्मारामांनी आसनं सांगितली ती मुक्तीच्या वाटेवरच्या साधकासाठी. पोटुशी बाई त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीची दिनचर्या मात्र बारकाईने आली आहे आणि तिचा सगळा रोख जपण्यावर आहे. तेलाने काठोकाठ भरलेलं भांडं हिंदकळू न देता न्यावं, तसं तिला सांभाळावं, असं चरक सांगतात. तिने खडबडीत, कठीण आसनावर बसू नये, अतिश्रम करू नयेत, मलमूत्राचे वेग अडवू नयेत.

आज गरोदर बायकांसाठी जे योगवर्ग भरतात, त्यांचं वय जेमतेम शंभर वर्षं, आणि त्यांतलं बरंचसं शिक्षण मुंबई-पुण्यात घडलं. हे नवेपण झाकायचं कारण नाही. उलट, ज्यांनी ते घडवलं त्यांचं श्रेय प्राचीनतेच्या नावावर खर्ची पडतं, हे खटकतं.

श्री योगेंद्र यांनी 1918 साली वर्सोव्याला ‘द योग इन्स्टिट्यूट’ सुरू केली, तेव्हा योग हा संन्याशांचा आणि पुरुषांचा प्रांत मानला जाई. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी 1934 मध्ये स्त्रियांच्या योगशिक्षणावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. घरसंसारातल्या बाईने बायकांच्या शरीराविषयी लिहावं, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

त्याच सुमाराला प्रसूतिशास्त्रही बसण्याउठण्याच्या सवयींकडे पाहू लागलं होतं. काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांना पडद्यात, अंधाऱ्या खोल्यांत राहणाऱ्या बायकांची हाडं मऊ पडून कटिभाग आकसलेला दिसला. होड्यांवर, उन्हात राबणाऱ्या बायकांची बाळंतपणं मात्र सोपी जात. आपल्याकडच्या आज्या नववा लागला की उकिडवं बसून फरशी पुसायला सांगत. त्यामागे कुठलाही ग्रंथ नव्हता, अनुभव होता.

1937 साली योगशिक्षक बी. के. एस. अय्यंगार गुरूंच्या, म्हणजे कृष्णम्माचार्यांच्या, सांगण्यावरून पुण्यात आले. 1966 च्या ‘लाइट ऑन योगा’मध्ये बद्धकोनासन समजावताना त्यांनी जोडे शिवणाऱ्या कारागिरांच्या बैठकीची आठवण दिली, रोज थोडा वेळ असं बसणाऱ्या गर्भवतीला प्रसूतीच्या कळा कमी जाणवतात असं लिहिलं आणि दाखला दिला तो ग्रँटली डिक-रीड या इंग्रज डॉक्टरांच्या पुस्तकाचा. आसन इथलं, आधार तिकडचा. या विद्येची खरी घडण अशी दोन्हीकडून झाली.

या विद्येला शिस्त आणण्यात अय्यंगारांच्या कन्या गीता यांचा वाटा मोठा. लहानपणी मूत्रपिंडाच्या आजाराने त्यांना अंथरुणाला खिळवलं होतं; शरीर दुबळं असताना आसन कसं करायचं, हे त्यांना स्वतःला शोधावं लागलं. त्यांचं ‘योगा: अ जेम फॉर विमेन’ 1983 साली आलं. त्यात मासिक पाळी, गरोदरपण आणि बाळंतपणानंतरचा काळ यांचा वेगवेगळा विचार आहे.

या पद्धतीतलं सुप्त बद्धकोनासन पाहिलं की सांभाळणं म्हणजे काय ते कळतं. पाठीखाली लांबट लोड, डोक्याखाली घडी घातलेली चादर, म्हणजे छाती वर उचललेली राहते आणि फासळ्यांचा भार पोटावर येत नाही. तळवे जोडलेले, गुडघे बाजूला सोडलेले, आणि मांड्या लोंबकळू नयेत म्हणून दोन्हींखाली गुंडाळलेली ब्लँकेटं. गरोदरपणात संप्रेरकांमुळे सांधे सैल पडतात, शरीर एरवीपेक्षा जास्त वाकतं. म्हणूनच शेवटपर्यंत ताणायचं नाही. उभ्या आसनांना भिंत किंवा खुर्ची हवीच. पोटावर झोपून करायची आसनं, पोट दाबणारे पीळ, श्वास कोंडून धरणं हे सगळं बंद. पोट वाढल्यावर फार वेळ सपाट उताणं राहिलं तर गर्भाशयाचा भार मोठ्या नीलेवर येऊन चक्कर येऊ शकते, म्हणून शवासन डाव्या कुशीवर.

या आसनांच्या परिणामांचं मोजमाप फार उशिरा सुरू झालं. 2005 साली बंगळुरूमधल्या 335 गर्भवतींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. योग करणाऱ्या गटात अडीच किलो किंवा त्याहून जास्त वजनाची बाळं अधिक निघाली. पण गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, त्यामुळे तो निकाल जपूनच वाचायला हवा. 2015 मध्ये अमेरिकेत शेवटच्या टप्प्यातल्या 25 निरोगी गर्भवतींकडून 26 आसनं करून घेतली, तेव्हा आई आणि गर्भ दोघांचंही मोजमाप व्यवस्थित राहिलं, अगदी शवासनातही. त्या बायका निरोगी होत्या आणि शेजारी तज्ज्ञ होते. एखादीला रक्तस्राव होत असेल, वार खाली असेल किंवा रक्तदाब चढलेला असेल, तर या आकड्यांचा तिला उपयोग नाही. तिने आधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं आणि वर्गात शिकवणाऱ्या बाईंना पहिल्याच दिवशी ते सांगायचं.