ग्रीन कार्ड आणि नोकरीचा पुरावा

अमेरिकेत कायमच्या वास्तव्याचा परवाना असलेल्या परदेशी माणसाला नोकरी धरण्याचा हक्क असतो. तो हक्क मालकापुढे कागदपत्रांनी सिद्ध करण्याची सक्ती मात्र देशभर १९८६ मध्ये आली. यासाठी बहुधा पुढे केले जाणारे ग्रीन कार्ड त्याहून बरेच जुने आहे आणि त्याच्या मुळाशी नोकरीचा संबंधच नव्हता.

१९४० मध्ये युरोपातल्या युद्धाच्या धास्तीने अमेरिकी काँग्रेसने चौदा वर्षांवरच्या प्रत्येक परदेशी माणसाची नोंदणी सक्तीची केली. लोकांनी पोस्टात जाऊन अर्ज भरले आणि बोटांचे ठसे दिले. पुढे एक छापील पोचपावती टपालाने घरी आली. देशात रीतसर आलेला असो की चोरून, पावती दोघांनाही सारखीच मिळे. हक्काचा पुरावा म्हणून तिला काडीची किंमत नव्हती.

युद्धानंतर नोंदणी बंदरावर उतरतानाच होऊ लागली आणि कायमच्या रहिवाशाला आय-१५१ हे हिरवे कार्ड मिळू लागले. १९५१ पासून जुन्या पावत्या बदलून हे कार्ड घ्यायचे ठरले. ज्याचा प्रवेश कायदेशीर नव्हता त्याला ते मिळेना, आणि तिथून कार्डाला खरे मोल आले. मोल आले तसे नकली कार्डेही आली. सरकारने १९५२ ते १९७७ या काळात सतरा वेळा नमुना बदलला. १९६४ मध्ये तर रंगच फिकट निळा केला. १९६५ च्या कायद्याने आशियाई लोकांना दार उघडल्यावर मुंबई-पुण्याकडून गेलेल्या डॉक्टर-इंजिनिअरांना मिळालेली सुरुवातीची कार्डे निळीच होती. नाव तेवढे हिरवे राहिले.

कार्ड होते, पण ते मागायला मालक बांधलेला नव्हता. १९५२ च्या कायद्याने बेकायदा आलेल्याला आसरा देणे गुन्हा ठरवले. त्याला कामावर ठेवणे म्हणजे मात्र आसरा नव्हे, अशी पळवाट त्याच कायद्यात ठेवली. टेक्सासच्या शेतमालकांना स्वस्त मजूर हवे होते, आणि ही सवलत त्याच राज्याच्या नावाने ओळखली जाऊ लागली. मजूर पकडला जाई, मालक मोकळा राही. कॅलिफोर्नियाने १९७१ मध्ये स्वतःचा कायदा करून मालकाला जबाबदार धरले आणि १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा तो अधिकार मान्य केला.

६ नोव्हेंबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सही केलेल्या कायद्याने ही पळवाट बुजवली. त्यातून आय-९ हा फॉर्म आला. तो नागरिकालाही भरावा लागतो. कामावर रुजू झाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत मालकाने मूळ कागद पाहायचे असतात. ग्रीन कार्ड किंवा अमेरिकी पासपोर्ट असेल तर तो एकटा पुरतो. नाहीतर ओळखीसाठी ड्रायव्हिंग लायसन्स आणि कामाच्या हक्कासाठी बिनशर्त सोशल सिक्युरिटी कार्ड, अशी जोडी चालते. काय दाखवायचे ते कामगार ठरवतो.

ही निवड कागदावर सोपी, व्यवहारात नाही. बेकायदा कामगार ठेवल्यास होणाऱ्या दंडाच्या भीतीने मालक परकी दिसणाऱ्याला किंवा परक्या ढंगाने इंग्रजी बोलणाऱ्याला टाळू लागले. या कायद्यामुळे भेदभाव बराच फैलावल्याचे काँग्रेसच्या हिशेबतपासणी संस्थेने १९९० मध्ये नोंदवले. त्याच वर्षीच्या कायद्याने ठरलेल्यापेक्षा जास्त किंवा विशिष्टच कागद मागण्यावर बंदी आली.

मुदतीचा घोळ याहून किचकट आहे. १९८९ पासून कार्डांवर दहा वर्षांची मुदत छापली जाऊ लागली. मुदत संपली की कार्ड जुने होते, रहिवासाचा हक्क संपत नाही. म्हणून चालू ग्रीन कार्ड दाखवून कामावर लागलेल्याला, पुढे कार्डाची तारीख उलटली तरी मालकाने पुन्हा कागद मागायचे नसतात. नव्या नोकरीत मात्र मुदत संपलेले कार्ड एकट्याने चालत नाही. तिथे लायसन्स आणि सोशल सिक्युरिटीची जोडी उपयोगी पडते.

१९९७ मध्ये पाच राज्यांत संगणकी पडताळणी सुरू झाली. तीच आजची ई-व्हेरिफाय. ॲरिझोनाने २००७ मध्ये ती सगळ्या मालकांना सक्तीची केली, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. यात आय-९ मधली माहिती सरकारी नोंदींशी ताडली जाते. लग्नानंतर आडनाव बदलले आणि सोशल सिक्युरिटी कार्यालयाला कळवायचे राहिले, एवढ्यानेही मेळ बसत नाही. अशा वेळी कामगाराला हरकत घेता येते. घेतली तर आठ सरकारी कामकाजी दिवसांच्या आत संबंधित कार्यालय गाठायचे असते, आणि निकाल लागेपर्यंत त्या कारणासाठी मालकाला त्याला कामावरून काढता येत नाही.