विल्यम बेकफर्डचं स्वातंत्र्य

लंडनच्या गिल्डहॉलमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या जुन्या वास्तूत, विल्यम बेकफर्डचा संगमरवरी पुतळा आहे. खाली त्याचं भाषण कोरलंय. एका साखरेच्या व्यापाऱ्यानं राजाला तोंडावर सुनावलेलं भाषण!

हा गृहस्थ 1709 मध्ये जमैकात जन्मला. शिक्षण वेस्टमिन्स्टर आणि ऑक्सफर्डला. वडिलांमागे उसाचे मळे हाती आले, आणि मळ्यांबरोबर हजाराहून जास्त गुलाम माणसंही. पुढे लंडनच्या सिटीत आल्डरमन, 1754 पासून तिथलाच खासदार, दोनदा लॉर्ड मेयर.

त्याच्या राजकारणाचा परवलीचा शब्द होता स्वातंत्र्य. 1769 साली मिडलसेक्सच्या निवडणुकीत जॉन विल्क्सला 1143 मतं पडली, लट्रेलला 296. पण संसदेनं लट्रेललाच निवडून आलेला ठरवलं. मतदाराच्या मताला मग किंमत काय, असं सिटी विचारू लागली, आणि बेकफर्ड तिच्या अग्रभागी होता. 23 मे 1770 ला तो सिटीचं निवेदन घेऊन तिसऱ्या जॉर्जपुढे गेला. राजानं कोरडं उत्तर दिलं. त्यानंतर बोलायचं नाही, हा दरबारी रिवाज. हा बोलला! सिटीबद्दल महाराजांचं मन कलुषित करणारे लोक हे राज्यघटनेचे द्रोही आहेत, असा त्याचा आशय. महिना उलटायच्या आत तो वारला. (कोरलेले शब्द आपण रचले, असं हॉर्न टूक पुढे सांगत असे. ते असो.)

दहाच वर्षांपूर्वी, 1760 साली, जमैकात टॅकीच्या नेतृत्वाखाली गुलामांनी बंड केलं होतं आणि ते निर्दयपणे चिरडलं गेलं. त्या माणसांनाही स्वातंत्र्यच हवं होतं ना?

मग बेकफर्ड ढोंगी होता का? आम्ही तत्त्वज्ञानवाले या शब्दावर जरा थबकतो. ढोंगी माणसाला निदान आतून ठाऊक असतं. बेकफर्डला विसंगती जाणवत असल्याचं त्याच्या राजकारणात कुठे दिसत नाही. त्याच्या लेखी स्वातंत्र्य म्हणजे सनदेनं मिळालेला हक्क, घरादारासारखी मालकीची चीज. राजानं ती हिसकावू नये, एवढंच. या व्याख्येत गुलाम हक्कदार ठरतच नाही. तो मालमत्तेतच मोजला जातो. आमच्या मते हे ढोंगापेक्षा जास्त भयंकर आहे, कारण ढोंग उघडं पाडता येतं. इथे तर शब्दच आधीपासून वाटून घेतलेला.

आपल्याकडचा एक धागाही बघा. 1765 ला बंगालची दिवाणी ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. पुढच्याच वर्षी कंपनीच्या कारभाराची चौकशी करा, असा ठराव संसदेत आणला तो याच बेकफर्डनं. वाद कशाचा? बंगालचा महसूल कंपनीचा की ब्रिटिश सरकारचा, याचा. रयतेचा असू शकतो, हा पर्याय त्या वादात नव्हताच.

2021 च्या जानेवारीत सिटीनं हा पुतळा हलवायचं ठरवलं. ऑक्टोबरात निर्णय फिरला: पुतळा राहील, शेजारी गुलामगिरीची माहिती लावायची. आम्हाला हे बरं वाटतं. फक्त ती माहिती भाषणाइतक्याच ठळक अक्षरांत हवी.