आरोग्यविमा अभिकर्त्यांचा मोबदला (परभणी जिल्हा)

आरोग्यविम्याची विमापत्रे विकणाऱ्या अभिकर्त्यास, म्हणजे लोकभाषेतील एजंटास, विमा कंपनीकडून मिळणारे कमिशन व तदनुषंगिक लाभ. हा मोबदला हप्त्याच्या शेकडेवारीने ठरतो. विमापत्रातील अटी समजावून देण्यात किंवा आजारपणात विमेदाराला भरपाई मिळवून देण्यात किती श्रम पडले, याच्याशी त्याचा संबंध नसतो. मुख्यतः शेतीवर जगणाऱ्या परभणी जिल्ह्यात अभिकर्ता कोठवर पोहोचला, हे बव्हंशी या एका गोष्टीने ठरविले.

विमा अधिनियम, १९३८ याने कमिशनवर कमाल मर्यादा घातली. आयुर्विम्यात पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर ४० टक्के व नूतनीकरणाच्या हप्त्यांवर ५ टक्के, तर इतर विमाप्रकारांत १५ टक्के अशी ती होती. कमिशनचा काही भाग गिऱ्हाइकास परत देण्यासही या अधिनियमाच्या कलम ४१ ने मनाई केली. परभणी जिल्हा त्या वेळी हैदराबाद संस्थानात असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचा हा कायदा येथे संस्थानाच्या विलीनीकरणानंतरच लागू झाला. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, तेव्हाही जिल्हा हैदराबाद राज्यातच होता. दोन महिन्यांनी तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला.

सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण १ जानेवारी १९७३ पासून अंमलात आले आणि १०७ कंपन्यांचे चार कंपन्यांत विलीनीकरण झाले. या चार कंपन्यांनी १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ हे विमापत्र काढले. ते घेऊ शकणारा वर्ग परभणीत मर्यादित होता. शासकीय कर्मचाऱ्यांना वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मिळे, पूर्णा येथील रेल्वे कर्मचाऱ्यांना रेल्वेची स्वतःची वैद्यकीय सेवा होती. उरले ते व्यापारी, वकील, डॉक्टर व मोठे बागायतदार. ज्या शेतकऱ्याच्या हाती पीक विकल्यावरच पैसा येतो, त्याला वर्षाचा हप्ता एकरकमी भरणे जड जाई, व त्याच्या लहान हप्त्यावरील कमिशनात अभिकर्त्याची गावापर्यंतची खेप भागत नसे.

विमा नियामक प्राधिकरण २००० साली कार्यरत झाल्यावरही १५ टक्क्यांचा आकडा टिकून राहिला. २००३ मधील सार्वत्रिक आरोग्यविमा योजनेत पाच जणांच्या कुटुंबाचा हप्ता वर्षाला ५४८ रु. होता, त्यावर १५ टक्के धरले, तरी सुमारे ८२ रु. होतात. एवढ्यासाठी जिंतूर किंवा पालम तालुक्यातील वाडीवस्तीवर कोण जाणार? २००५ च्या सूक्ष्मविमा विनियमांनी स्वयंसेवी संस्था व बचत गट यांना अभिकर्ता होण्याची मुभा दिली. आयुर्विम्याव्यतिरिक्त विम्यावर त्यांनाही कमाल १५ टक्केच ठेवले. २०११ मध्ये विमेदारास जुने लाभ न गमावता कंपनी बदलता येऊ लागली. मात्र अशा बदललेल्या विमापत्रावर नव्या कंपनीने कमिशन देऊ नये, असे बंधन आले. विमेदाराचे हित साधणारा सल्ला देणारा अभिकर्ता त्यामुळे बिनमोबदला राहिला. हे बंधन पुढे उठविण्यात आले.

गरीब कुटुंबांपर्यंत संरक्षण पोहोचले ते अभिकर्त्याला वगळून. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली व नोव्हेंबर २०१३ मध्ये परभणीसह सर्व राज्यात आली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांबरोबरच १४ शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतील शुभ्र शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांनाही तिचा लाभ मिळाला. त्या जिल्ह्यांत परभणी आहे. हप्ता राज्य शासन विमा कंपनीस थेट देत असे. विक्री नाही म्हणून कमिशन नाही; रुग्णालयात कागदपत्रे जमविण्यास मदत करावयाची ती ‘आरोग्यमित्र’ या वेतनावरील सेवकाने. अभिकर्त्याच्या कामाचा जो भाग कधीच मोबदल्यास पात्र ठरला नव्हता, त्याला येथे प्रथम वेतन मिळाले, हे लक्षणीय होय.

२०१५ च्या दुरुस्तीने कमिशनची मर्यादा अधिनियमातून काढून नियामकाच्या हाती दिली. कमिशन परत देण्याच्या गुन्ह्याचा दंडही ५०० रुपयांवरून कमाल १० लाखांपर्यंत वाढला, तथापि ती प्रथा संपली असे म्हणवत नाही. २०१६ च्या विनियमांत वैयक्तिक आरोग्यविम्यास १५ टक्के, तर मालकाने कामगारांसाठी घेतलेल्या गटविम्यास ७.५ टक्के अशी मर्यादा होती. १ एप्रिल २०२३ पासून विमाप्रकारवार मर्यादाच रद्द झाल्या. कंपनीचा कमिशनसह एकूण व्यवस्थापन खर्च ढोबळ हप्त्याच्या ३० टक्क्यांत, व केवळ आरोग्यविमा करणाऱ्या कंपनीचा ३५ टक्क्यांत, राहिला म्हणजे पुरे. दर संचालक मंडळाने ठरवावा. १९३८ पासूनचा आकडा असा गेला, परंतु मोजमाप हप्त्याचेच राहिले. विमेदाराचे वय वाढते तसा हप्ता वाढतो व त्याबरोबर अभिकर्त्याचे उत्पन्नही. हप्ता न झेपून वृद्ध विमेदार गळाला, की दोघांचेही नुकसान होते.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर माफ झाला. विमेदाराचा भार हलका झाला, पण कमिशनावर भरलेल्या कराची वजावट कंपन्यांना मिळेनाशी झाली आणि ती तूट कंपनीने सोसावी की अभिकर्त्याच्या कमिशनातून कापावी, असा वाद निर्माण झाला.